पोरं यायची होती

माझा धाकटा भाऊ गुलाबांच्या मागं आफ्रिकेत गेला असं सांगितलं की लोकांना वेगळंच वाटतं. तसं काही नव्हतं. आमच्या भागात पॉलिहाऊसं उभी राहायला लागली तेव्हा तो नारायणगावजवळच्या एका पॉलिहाऊसवर कामाला होता. ठिबक, फवारणी, कळी कधी कापायची, सगळं तो तिथंच शिकला. मग कुणीतरी सांगितलं की टांझानिया नावाच्या देशात अरुशा शहराजवळ गुलाबाच्या मोठाल्या बागा आहेत आणि त्यांना आपल्याकडची माणसं लागतात. तो गेला. प्रेमात तो नंतर पडला, तिथं फुलांच्या पॅकिंगला असलेल्या एका मुलीच्या.

लग्नाचे फोटो फोनवर आले. आईनं फोटो बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "दात चांगले हायेत." महाळुंगे पडवळमधल्या आमच्या वस्तीवर या लग्नाबद्दल पुष्कळ बोललं गेलं, पण आमच्या घरात एवढंच. पुढे एकदा तो बायकोला आणि वर्षाच्या मुलीला घेऊन महिनाभर आला. सून पहिल्याच दिवशी मिरचीचा ठेचा डोळ्यांत टिपूस न आणता खाऊन गेली. ती भाकरी थापायला शिकली. तिची भाकरी माझ्या बायकोच्या भाकरीपेक्षा गोल व्हायची, आणि ही गोष्ट आई माझ्या बायकोला अजूनही सांगते.

ते परत गेले, त्यांना मुलगा झाला, आणि तो दोन वर्षांचा व्हायच्या आतच दोघं गेली. बाजार करून येताना पिकअप उतारावर उलटली. पोरं त्या दिवशी तिच्या आईकडं होती म्हणून राहिली. मला फोन केला तो बागेतल्या सुपरवायझरनं. तो मूळचा संगमनेरकडचा, भावाचा मित्र. त्यानं आधी आमच्याकडच्या पावसाची चौकशी केली. मग टोमॅटोच्या बाजाराची केली. तेव्हाच मला कळलं की काहीतरी वाईट झालेलं आहे.

माती तिथंच दिली. आम्ही फोनवर बघितली. तिथं पाद्री प्रार्थना म्हणत होते आणि इकडे आई हात जोडून त्रिशरण म्हणत होती. दोन्ही एकदमच संपलं. आईनं फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "पोरं आपल्याकडं यायला पायजेत."

मी आणि बायकोनं एकमेकांकडं पाहिलं नाही. आम्हाला मूल नाही. माझं वारूळवाडीला मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. शेतातल्या जळालेल्या पाणबुडी मोटारी माझ्याकडं येतात. बायको अंगणवाडी सेविका आहे, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांची तीस-चाळीस पोरं सांभाळते आणि घरी येऊन शांत बसते. डॉक्टर, तपासण्या, सगळं करून आम्ही तो विषय कधीच बंद केला होता. आता तो असा उघडला. शेजारच्या काकू सांत्वनाला आल्या आणि बायकोचा हात धरून म्हणाल्या, "देवानं एका दारानं नेलं, दुसऱ्यानं दिलं." काकू मनानं चांगल्या आहेत. त्यांना काय म्हणायचं होतं ते आम्हाला समजलं. तरी त्या गेल्यावर बायको मोरीत जाऊन भांडी घासत बसली, आणि ती भांडी सकाळीच घासलेली होती.

मंचरच्या वकिलांना विचारलं. ते म्हणाले, "सख्ख्या भावाचीच पोरं ना? मग जाऊन घेऊन या. त्यात काय?"

त्यात बरंच होतं. पोरांची जन्मनोंद फक्त तिथं झालेली होती, म्हणून ती तिथल्या देशाची होती. दुसऱ्या देशाचं मूल कायद्यानं आपलं करायचं तर तिथल्या कोर्टाचा हुकूम लागतो. तो हुकूम मिळायला आपल्याकडून दिल्लीची मंजुरी लागते. दिल्लीच्या मंजुरीला पुण्याहून कुणीतरी येऊन आमचं घर आणि आम्हाला तपासून जावं लागतं. हे सगळं मला पुण्याच्या एका ऑफिसातल्या क्लार्कनं शांतपणे समजावून सांगितलं. शेवटी म्हणाला, "वेळ लागेल. किती ते विचारू नका, मलाही माहीत नाही." इतकं खरं बोलणारा माणूस त्या सगळ्या प्रकरणात मला पुन्हा फारसा भेटला नाही.

घर बघायला पुण्याहून एक मॅडम आल्या. त्यांनी खोल्या पाहिल्या, संडास पाहिला, आमचं लग्न कसं झालं ते विचारलं, घरात कुणी दारू पितं का ते विचारलं. सगळं नीट चाललं होतं. पण त्याच आठवड्यात शेजारच्या उसाच्या कडेला वनखात्यानं पिंजरा लावला होता आणि पिंजऱ्यात शेळी होती. शेळी सारखी ओरडत होती.

मॅडमनी विचारलं, "शेळी पाळता का?"

माझी बायको खोटं बोलत नाही. ती म्हणाली, "आमची नाही. ती बिबट्यासाठी आहे."

"बिबट्या येतो इथं?"

"रोज नाही येत," बायको म्हणाली.

मॅडमनी लिहून घेतलं. जाताना त्यांनी गाडीपर्यंत सोडायला मला बरोबर घेतलं. दिवस चांगला उजेडाचा होता.

काही महिन्यांनी दिल्लीहून विचारणा आली: अहवालात नमूद केलेल्या वन्य प्राण्याबाबत अर्जदारांनी काय उपाययोजना केली आहे ते कळवावे. मी घराभोवती तारेची उंच जाळी मारली, चारी कोपऱ्यांना दिवे लावले, फोटो काढले. त्याबरोबर वनखात्याचं काहीतरी असावं म्हणून मी वनरक्षकाकडं गेलो. म्हटलं, आमच्या घराला बिबट्याचा धोका नाही असं लिहून द्या.

तो म्हणाला, "भाऊ, आख्ख्या तालुक्याला धोका हाय. तुमचंच घर सोडून कसं लिहू?"

"मग आख्ख्या तालुक्याला आहे असं लिहा."

"ते लिहितो," तो म्हणाला, आणि त्यानं लिहिलं. ते पाठवलं. दिल्लीनं त्यावर पुन्हा काही विचारलं नाही, पण मंजुरीही दिली नाही. तेवढ्यात मॅडमच्या ऑफिसात बदल्या झाल्या, नव्या मॅडम आल्या, आणि जुना अहवाल जुना झाला म्हणून घर पुन्हा बघायचं ठरलं. या वेळी पिंजरा नव्हता. बिबट्या मात्र आदल्याच दिवशी काकूंचं कुत्रं घेऊन गेला होता. आम्हाला कुणी विचारलं नाही, म्हणून आम्ही सांगितलं नाही.

या सगळ्या काळात पोरं फोनवर मोठी होत होती. दर रविवारी सुपरवायझर त्यांच्या आजीच्या घरी जायचा आणि फोन लावून द्यायचा. थोरली आमच्याशी बोलायची नाही. ती फोनसमोर बसायची आणि आमच्याकडं टीव्हीकडं बघावं तशी बघायची. धाकटा सुरुवातीला फोन चाटायचा, मग फोनवर बोट मारून तो बंद करायचा, मग एके दिवशी स्पष्ट बोलायला लागला, पण स्वाहिली. बायकोनं फोनवर धडे ऐकून स्वाहिली शिकायला घेतली. सराव करायला कुणी नव्हतं म्हणून ती आमच्या गायीशी बोलायची. पाण्याला माजी म्हणतात. गाय त्या शब्दाला मान वर करायला लागली.

मला त्या भाषेतला एकच शब्द पक्का झाला, बाडो. बाडो म्हणजे अजून नाही. कोर्टाची तारीख लागली का विचारलं की सुपरवायझर तिकडच्या माणसांना विचारायचा आणि मागून आवाज यायचा, बाडो. तिथल्या अधिकाऱ्यांचा कागद निघाला का? बाडो. शेवटी शेवटी तो शब्द मला भाषांतराशिवाय समजायचा, आणि दिल्लीला फोन लावला तरी मनातल्या मनात ऐकू यायचा.

काकूंना हे सगळं नवसाअभावी अडलंय असं वाटत होतं. त्या आईला म्हणाल्या, "वैनी, लेण्याद्रीच्या गणपतीला बोला. लई जणांची कामं झाली."

आई म्हणाली, "आमी नवस करत न्हाई. तुमाला ठावं हाय."

"तुमचं नका करू. सूनबाईला पाठवा माझ्यासंगं. मी बोलते नवस, ती नुसती हात जोडंल."

आईनं थोडा विचार केला. मग म्हणाली, "जाऊ दे तिला. तो डोंगर आपलाच हाय. गणपती आपल्याच लेण्यात ऱ्हातो."

हे खरं आहे. लेण्याद्रीला गणपतीचं मंदिर बौद्ध लेण्याच्या आत आहे आणि त्याला लागूनच आमचं चैत्यगृह आहे, स्तूप असलेलं. म्हणून आम्ही तिघं गेलो. खाली तिकीट काढलं, पायऱ्या चढलो. अर्ध्या वाटेत माकडानं काकूंच्या पिशवीतला नारळ नेला. मी म्हटलं, आता काय. काकू म्हणाल्या, "मारुतीनं घेतला म्हणजे पोचला," आणि चढत राहिल्या.

त्या दोघी गणपतीकडं गेल्या. मी चैत्यात जाऊन स्तूपासमोर बसलो. आत गार होतं. डोळे मिटले, पण मन काही लागेना. कानात दुकानातल्या एका मोटारीच्या बेअरिंगचा आवाज येत राहिला. मी फार श्रद्धेचा माणूस नाही. नीट गुंडाळलेली तार चालते आणि चुकीची जळते, एवढ्यावर माझा विश्वास. पण इथं आम्ही सगळी तार नीट गुंडाळली होती आणि तरी काही चालत नव्हतं, आणि त्याला काय म्हणतात ते मला ठाऊक नव्हतं.

घरी आल्यावर बायकोनं आईला विचारलं, "तुम्ही नवस करत नाही, कुणाकडं काही मागत नाही. मग तुम्हाला पोरं येतील असं वाटतं ते कशावरून?"

आई ज्वारी पाखडत होती. म्हणाली, "वाटत बिटत न्हाई. येणार हायेत असं धरून ऱ्हायचं. सकाळी उठायचं, येणार हायेत. दळण घालायचं, येणार हायेत. मागायचं कशाला? आपलीच हायेत."

दुसऱ्या दिवशी बायकोनं आतल्या खोलीतलं सामान माळ्यावर टाकून ती खोली रिकामी केली आणि तिथं झोपायच्या दोन गाद्या अंथरून ठेवल्या. रोज झाडायची, आठवड्याला चादरी बदलायची. चादरींवर कुणी झोपलेलंच नाही, मग बदलते कशाला, असं मी एकदाच विचारलं.

शेवटी दिल्लीची मंजुरी आली. आम्ही पेढे वाटले नाहीत, कारण सुपरवायझरच्या आवाजात आनंद नव्हता. त्यानं पुन्हा पावसाची चौकशी केली. मी म्हटलं, "काय झालं ते सांग."

तो म्हणाला, "भाऊ, मी तुम्हाला पूर्ण सांगितलं नव्हतं. इथलं काम ऑफिसमुळं थांबलेलं नाही. आजीनं अधिकाऱ्यासमोर हो म्हणायला पाहिजे. तिला तीनदा बोलावलं. ती जाते, बसते, आणि बाडो म्हणते."

"नाही म्हणते का?"

"नाही म्हणत नाही. अजून नाही म्हणते."

मला राग आला. दोन वर्षं मी दिल्ली, पुणे आणि बिबट्या यांना दोष देत होतो. जाळी मारली होती. मी आईला आणि बायकोला सांगितलं तेव्हा वाटलं होतं की त्याही चिडतील. बायको म्हणाली, "तिची लेक गेली. पोरं गेली की तिच्या घरात कोण राहील?" तिनं ते इतक्या साध्या आवाजात म्हटलं की मी दुकानात निघून गेलो.

पुढच्या रविवारी आईनं फोन स्वतःकडं घेतला. तिकडं आजी, इकडं आई. दोघींना एकमेकींच्या बोलण्यातलं अक्षरही समजत नव्हतं, आणि आईनं सुपरवायझरला बोलू दिलं नाही. आईनं फोन फिरवून गाय दाखवली. आजीनं तिची गाय दाखवली. आईनं लसूण दाखवला. आजीनं मक्याची कणसं दाखवली. मग आईनं भावाचा शाळेतला फोटो भिंतीवरून काढून फोनसमोर धरला. तिकडून आजी आत गेली आणि लेकीचा फोटो घेऊन आली. दोघी फोटो धरून बसल्या. मग आई म्हणाली, "बरं, ठेवते," आणि तिनं ठेवला.

"काय ठरलं?" मी विचारलं.

"काय ठरायचंय? तुमी दोघं तिकडं जावा. फोनवर कोण पोरं देतं?"

म्हणून आम्ही गेलो. अरुशाला पोचल्यावर पहिल्यांदा कळलं की तिथली हवा जुन्नरसारखी आहे, डोंगर फक्त मोठा आहे. आजीचं घर शहराबाहेर, आजूबाजूला मका आणि घेवडा. आजी उंच, सरळ पाठीची. तिनं आमचे हात हातात घेतले, करीबू, म्हणजे या, म्हणाली, चहा दिला. चहाला तिथंही चाय म्हणतात आणि चपातीला चपाती. बायकोला धीर आला. धाकटा येऊन थेट तिच्या मांडीवर बसला. तो सगळ्यांच्याच मांडीवर बसतो हे आम्हाला नंतर कळलं. थोरली दारात उभी राहिली. तिनं बापाचं कपाळ घेतलं होतं. मी बाहेर जाऊन बुटाची नाडी बांधली.

आम्हाला वाटलं होतं आठ दिवसांत आजी काय ते सांगेल. तिनं दुसऱ्या दिवशी बायकोच्या हातात कुदळ दिली. बायको शेतकऱ्याची लेक. तिनं पदर खोचला आणि मक्यातलं तण काढायला लागली. मला आजीनं तिची पाण्याची मोटार दाखवली, बंद पडलेली. मला बरं वाटलं. हे माझं काम होतं. अर्धा दिवस घालवून मोटार उघडली, तपासली. मोटार चांगली होती. विहिरीतच पाणी नव्हतं. हे मी हातवाऱ्यांनी सांगितलं. आजीनं मान डोलावली. तिला ते आधीच माहीत असावं असं मला वाटलं.

आठवडे गेले. बाडो.

एका रविवारी चर्चहून आल्यावर आजीनं सुपरवायझरला बसवून घेतलं आणि आम्हाला समोर बसवलं. तिनं पहिल्यांदा विचारलं की तिकडं जनावरं कोणती आहेत. मी खरं ते सांगितलं, बिबट्या आहे. सुपरवायझरनं सांगितलं, चुई. आजी म्हणाली, इथंही आहे, आणि पुढं गेली. ज्या बिबट्यानं दिल्लीला सहा महिने अडवलं त्याला तिनं एका वाक्यात बाजूला केलं.

मग ती काहीतरी सावकाश बोलली. सुपरवायझर जरा घुटमळला आणि म्हणाला, "ती विचारते, तिकडं या पोरांना लोक काय म्हणतील?"

मला काय उत्तर द्यायचं ते ठाऊक होतं. काही म्हणणार नाहीत, आमची माणसं फार चांगली आहेत, आम्ही फुलासारखी जपू. वाटेत विमानात मी ते म्हणूनही पाहिलं होतं. पण आजी माझ्याकडं बघत होती आणि माझ्यानं ते निघेना.

मी म्हटलं, "काळी म्हणतील. केसांना हात लावून बघतील. शाळेत चिडवतील. काही मोठी माणसंही बोलतील, तोंडावर नाही बोलली तर मागून."

सुपरवायझर मला मराठीत म्हणाला, "भाऊ, हे असंच सांगू?"

"असंच सांग. आणि पुढं सांग की आम्हालाही बोलत होते. माझ्या आईला गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते. ती खाली घागर धरायची आणि कुणीतरी वरून पाणी ओतायचं. आम्ही शाळेत निघालो की ती कधी असं म्हणाली नाही, की तुम्हाला कुणी काही बोलणार नाही. ती म्हणायची, कुणी बोललं तर घरी येऊन मला सांगा."

त्यानं सांगितलं. आजीनं विचारलं, "मग तुम्ही सांगायचात?"

"रोज."

"आणि ती काय करायची?"

"शाळेत यायची आणि वर्गाच्या दारात बसून राहायची. गुरुजी म्हणायचे जा, ती म्हणायची ऐकतेय, शिकवा तुमी."

आजी हसली. आम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच. हसता हसता तिनं डोळे पुसले आणि उठून आत गेली. जाताना काय म्हणाली ते मी सुपरवायझरला विचारलं. तो म्हणाला, "मंगळवारी अधिकाऱ्याकडं जाऊ म्हणाली. आणि पोरांनी जेवायच्या आधी प्रार्थना म्हणायची, ती बंद करायची नाही." बायको लगेच हो म्हणाली. आमच्या घरात त्रिशरण आहे, शेजारून मोदक येतात, त्यात आणखी एक प्रार्थना मावायला हरकत नव्हती.

मंगळवारी आजी गेली, बसली आणि हो म्हणाली. अधिकाऱ्यानं दोनदा विचारून घेतलं.

तरी लगेच झालं नाही. तिथल्या नियमानं पोरांनी काही महिने आमच्याजवळ राहावं आणि ते कुणीतरी येऊन बघावं असं होतं. मला दुकान होतं, आई एकटी होती. मी परत आलो आणि बायको बिनपगारी रजा टाकून आजीच्या घरी राहिली. चार महिने मी आणि आईनं पिठलं खाऊन काढले. फोनवर बायको मका कसा आलाय ते सांगायची. मागून थोरलीचा आवाज यायचा, आता ती बायकोचे उच्चार सुधारत असायची.

कोर्टाच्या दिवशी मी पुन्हा गेलो. न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी थोरलीला विचारलं, तुला कुठं राहायचंय? ती म्हणाली, माझा भाऊ राहील तिथं. मग धाकट्याला विचारलं. तो म्हणाला, मला यांचा बिबट्या बघायचाय. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं. हुकूम झाला.

निघताना आजी विमानतळावर आली नाही. तिनं घराच्या दारातच पोरांच्या डोक्यावर हात ठेवला, बायकोला घट्ट धरलं, आणि मग घेवडा निवडायला बसली. गाडी वळेपर्यंत तिनं मान वर केली नाही. थोरली मात्र मागच्या काचेतून शेवटपर्यंत बघत होती. रडली नाही. विमानात बायकोनं तिच्या हातावर हात ठेवला तर तिनं तो काढून घेतला, आणि थोड्या वेळानं परत आणून ठेवला.

मुंबईहून माळशेजमार्गे आलो. घाटात दोघांनाही उलट्या झाल्या, मग बायकोला झाली. घरी पोचलो तेव्हा वस्तीवरची सगळी माणसं जाळीबाहेर उभी होती. आई पायरीवर बसलेली. तिनं औक्षण केलं नाही की रडली नाही. धाकट्याला म्हणाली, "ये रं, जेवून घे," आणि त्याला काय समजलं कुणास ठाऊक, तो जाऊन तिच्या मांडीवर बसला. थोरली बायकोला मामा म्हणून हाक मारत होती. त्यांच्याकडं आईला मामा म्हणतात. काकू माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "मामा कोणाला म्हणती? मामा तर हिला कोण न्हाईच."

मी म्हटलं, "काकू, तिकडं तसं म्हणतात."

"आसं व्हय. मग म्हणू दे," काकू म्हणाल्या, आणि लेण्याद्रीला नारळ द्यायचा राहिलाय याची त्यांनी बायकोला आठवण करून दिली.

पहिले महिने सोपे गेले असं म्हणता येणार नाही. जे बोलतील म्हणून मी सांगितलं होतं ते बोलले. थोरलीनं एकदा एका पोराचं दप्तर नाल्यात टाकलं. आईनं शाळेत जायची तयारी केली, पण गुडघे दुखतात म्हणून बायको गेली. ती अंगणवाडीची असल्यामुळं त्या पोराला लहानपणापासून ओळखत होती. ती त्याच्याशीही बोलली आणि त्याच्या आईशीही.

धाकट्याचे केस वाढले तेव्हा मी त्याला गावातल्या सलूनमध्ये नेलं. न्हाव्यानं फणी घातली, फणी अडकली. त्यानं ती काढली आणि मला म्हणाला, "भाऊ, मला या केसांचं ठावं न्हाई. बिघडवायचं न्हाई मला." मग त्यानं दुकानातल्या गिऱ्हाइकांना थांबवून ठेवलं, फोनवर अशा केसांच्या कटिंगचे व्हिडिओ लावले आणि शांतपणे दोन व्हिडिओ पूर्ण पाहिले. धाकटा खुर्चीवर फळी टाकून बसला होता, मानेला कपडा बांधलेला. बाकावरच्या एकानं केसांवरून काहीतरी विनोद केला. न्हावी न वळता म्हणाला, "तुझी दाढी आज व्हनार न्हाई. उद्या ये." तो माणूस थोडा वेळ बसला, मग उठून गेला.

न्हाव्यानं मशीन घेतलं आणि कडेनं सावकाश सुरुवात केली. धाकट्यानं आरशात एकदा डावीकडं पाहिलं, एकदा उजवीकडं पाहिलं.

"लई बारीक नको," तो म्हणाला.

"न्हाई करत," न्हावी म्हणाला.